घटक ४ : क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांचे रूपांतर – कमांड लाइनच्या साहाय्याने

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस,
१. ध्वनिफाइलचे वेष्टन आणि तिच्यातील ध्वनीची लेखनपद्धती यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. हानिरहित आणि हानियुक्त संपीडनाचा भाषाभ्यासावर होणारा परिणाम सांगता येईल.
३. एफएफएमपेग या साधनाने ध्वनिफाइल तपासता व रूपांतरित करता येईल.
४. मूळ प्रत, अभ्यासप्रत व वितरणप्रत अशी शिस्तबद्ध मांडणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकसाहित्य आणि बोलीविज्ञान या अभ्यासपत्रिकांसाठी आपण क्षेत्रीय कार्य करता. कोणी जात्यावरच्या ओव्या मिळवतो, कोणी धनगरी ओव्या, कोणी एखाद्या गावच्या बोलीतील गप्पा. पूर्वी अभ्यासक वही-पेन्सिल घेऊन बसत आणि गाणारीला पुन्हा पुन्हा थांबवून शब्द टिपून घेत. आज बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो. एक कळ दाबली की आवाज मुद्रित होतो.

खरी अडचण पुढे येते. मोबाइलने तयार केलेली फाइल संगणकावरील विश्लेषणाच्या साधनात उघडत नाही. गटातील सहाध्यायी व्हॉट्सॲपवरून पाठवलेली वेगळ्याच प्रकारची फाइल पुढे करतो. जुन्या मोबाइलमधील मुद्रणाचा प्रकार तिसराच असतो. अशा वेळी आपण फाइलचे 'रूपांतर' करतो. म्हणजे एका स्वरूपातील ध्वनी दुसऱ्या स्वरूपात नेतो. हे काम वरवर यांत्रिक वाटते. परंतु चुकीच्या क्रमाने केलेल्या रूपांतरात आवाजाचा काही भाग कायमचा नाहीसा होतो, आणि गाणारी व्यक्ती हयात नसेल तर तो भाग पुन्हा मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचे संकलन उभे केले. पुढे बर्नार बेल यांच्या सहभागातून त्या प्रकल्पाला ध्वनिमुद्रणांची जोड मिळाली. शब्द कागदावर उतरले होते. चाल, श्वास, शब्दांची ओढ आणि उच्चार मात्र मुद्रणामुळेच आज ऐकता येतात. आपले काम आकाराने लहान असले तरी त्यामागची जबाबदारी त्याच जातीची आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ रुमाल आणि लिपी

ध्वनिफाइलचे स्वरूप समजून घेण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. रुमालावर चिठ्ठी असते. आतील कागद मोडीत असतील किंवा बाळबोधीत. रुमाल ही एक गोष्ट, लिपी ही दुसरी.

ध्वनिफाइलमध्येही असेच दोन स्तर असतात. बाहेरचे वेष्टन ध्वनी, त्याचे शीर्षक आणि कालावधी यांची माहिती एकत्र बांधून ठेवते. आतील ध्वनी कोणत्या पद्धतीने अंकांत लिहिला आहे ते 'कोडेक' ठरवतो. फाइलच्या नावाअखेरीस बिंदूनंतर येणारी अक्षरे, म्हणजे विस्तारनाम, ही रुमालावरची चिठ्ठी होय. अनेक मोबाइल 'एम४ए' या विस्तारनामाची फाइल तयार करतात. तिच्या आत बहुधा एएसी या कोडेकने लिहिलेला ध्वनी असतो. व्हॉट्सॲपचा ध्वनिसंदेश ओपस या कोडेकने लिहिलेला असतो. जुन्या मोबाइलमध्ये एएमआर हा कोडेक आढळतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. फाइलच्या नावातील 'एम४ए' पुसून तेथे 'एमपी३' लिहिल्याने रूपांतर होत नाही. चिठ्ठी बदलल्याने मोडी कागद बाळबोधीत होत नाही, तसेच हे आहे. आतील ध्वनी नव्या पद्धतीने लिहून काढणारे साधन त्यासाठी आवश्यक असते.

४.२.२ ध्वनी अंकांत कसा मावतो?

आवाज म्हणजे हवेतील दाबाची सलग लहर. संगणक या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजतो. एका सेकंदात किती वेळा मोजणी होते त्यास 'नमुना दर' म्हणतात. ध्वनिमुद्रित सीडीसाठी हा दर ४४,१०० इतका असतो. प्रत्येक मोजणी किती सूक्ष्म आहे ते बिटांच्या संख्येवरून कळते. सीडीसाठी ती संख्या १६ आहे.

नमुना दराविषयी एक नियम ध्यानात ठेवावा : जितका नमुना दर, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचेच ध्वनी टिपले जातात. ४८,००० दराने मुद्रण केल्यास २४,००० हर्ट्झपर्यंतचे, तर ८,००० दराने केल्यास केवळ ४,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी मिळतात. एएमआरच्या मूळ प्रकारात नमुना दर ८,००० असतो, कारण तो दूरध्वनीवरील संभाषणासाठी घडवलेला कोडेक आहे.

मराठीच्या अभ्यासकाला याचे महत्त्व का वाटावे? 'स' या घर्षक ध्वनीची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. 'श' ची ऊर्जा त्यापेक्षा खालच्या पट्ट्यापासून सुरू होते. ४,००० हर्ट्झवरचा भाग कापला गेला की या दोन ध्वनींमधील भेद धूसर होतो. आपल्या अनेक बोलींत 'शेत' चे 'सेत' होते. एखाद्या गावातील वृद्ध वक्ता 'शेत' म्हणतो की 'सेत', हाच आपल्या प्रकल्पाचा प्रश्न असेल, तर ८,००० दराच्या फाइलवरून त्याचे खात्रीलायक उत्तर देता येणार नाही.

तीच गोष्ट दंत्य आणि तालव्य 'च', 'ज' यांची. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. लेखनात दोन्ही सारखेच दिसतात. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, यांचेही तसेच. लिपी हा भेद दाखवत नाही. तो केवळ उच्चारात आहे. लिप्यंतरात जे उतरत नाही ते ध्वनिफाइलमध्येच सुरक्षित राहते, आणि तेथूनही ते गेले तर पुरावाच नष्ट होतो.

४.२.३ हानिरहित आणि हानियुक्त संपीडन

मोजलेले सर्व अंक जसेच्या तसे ठेवणारी सर्वपरिचित फाइल म्हणजे वेव्ह. ती मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणली. तिचा आकार मोठा असतो. ४८,००० नमुना दर, २४ बिट आणि एक वाहिनी असे मुद्रण केल्यास एका तासाला सुमारे ५१८ एमबी जागा लागते.

ही जागा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग हानिरहित संपीडनाचा. यात अंक अधिक आटोपशीर रीतीने लिहिले जातात, परंतु उलगडल्यावर प्रत्येक अंक मूळचाच मिळतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्लॅक हा यातील सर्वांत रूढ प्रकार. ध्वनीच्या स्वरूपानुसार फाइल लक्षणीय लहान होते आणि काहीही गमावले जात नाही.

दुसरा मार्ग हानियुक्त संपीडनाचा. मोठ्या आवाजाच्या सान्निध्यातील लहान आवाज मानवी कानाला झाकल्यासारखा वाटतो. असा झाकलेला भाग वगळला तर ऐकणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही, हे यामागील तत्त्व. एमपी३, एएसी, ओपस आणि एएमआर ही सर्व या मार्गाची उदाहरणे आहेत. बिटदर, म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीसाठी खर्च केलेल्या बिटांची संख्या, जितका कमी, तितका वगळलेला भाग अधिक; आणि कमी बिटदराला प्रथम उच्च कंपनसंख्येच्या ध्वनींवरच कात्री चालते.

एमपी३ घडवणाऱ्या संशोधकांपैकी कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा यांचे 'टॉम्स डायनर' हे गीत पुनःपुन्हा वापरले, ही गोष्ट येथे उद्बोधक आहे. ते गीत वाद्यांच्या साथीविना एकट्या स्त्रीस्वरात गायलेले आहे. भरगच्च वाद्यमेळात संपीडनाचे दोष लपून जातात. एकट्या मानवी आवाजात ते उघडे पडतात. आपल्या ओव्या, पाळणे आणि भूपाळ्या नेमक्या याच प्रकारच्या आहेत.

ग्रंथपरंपरेतील अनुभव येथे आठवावा. हस्तलिखिताची नक्कल, नकलेची नक्कल असे होत गेले की पाठभेद वाढतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ शिरल्यामुळे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची प्रत शुद्ध केली. हानियुक्त फाइलपासून दुसरी हानियुक्त फाइल, तिच्यापासून तिसरी, असे होत गेले तर प्रत्येक टप्प्यावर आवाजाचा नवा भाग गळतो. फरक एवढाच, की ग्रंथाच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवता येतो. आपल्या आजीने त्या दिवशी गायलेल्या ओवीचे मुद्रण मात्र एकच असते.

उलट दिशेचा गैरसमजही दूर केला पाहिजे. १२८ केबीपीएस बिटदराची एका तासाची एम४ए फाइल सुमारे ५७.६ एमबी असते. तिचे ४८,००० दराच्या, १६ बिट, एका वाहिनीच्या वेव्हमध्ये रूपांतर केले तर ती ३४५.६ एमबी होते. फाइल सहापट मोठी झाली. आवाजात मात्र कणभरही भर पडली नाही. एकदा वगळलेले परत येत नाही. असे रूपांतर विश्लेषणाच्या सोयीसाठी करावे, गुणवत्ता वाढेल या समजुतीने करू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते सांगा.
अ) फाइलचे विस्तारनाम बदलले की तिचे स्वरूप बदलते.
आ) फ्लॅक फाइल उलगडल्यावर मूळचे सर्व अंक परत मिळतात.
इ) एमपी३ चे वेव्हमध्ये रूपांतर केल्याने गळालेला ध्वनी परत येतो.

४.२.४ कमांड लाइनच का?

रूपांतरासाठी चित्रमय खिडक्या असलेले कार्यक्रम उपलब्ध आहेत. फाइल चढवून रूपांतर करून देणारी संकेतस्थळेही आहेत. तरीही अभ्यासकाने कमांड लाइन, म्हणजे लेखी आदेश देऊन संगणकाकडून काम करून घेण्याची पद्धती, शिकून घ्यावी. त्यास चार कारणे आहेत.

पहिले, आदेश हा स्वतःच नोंद असतो. आपण काय केले ते प्रकल्पाच्या परिशिष्टात शब्दशः देता येते आणि परीक्षकाला ते पडताळता येते. दुसरे, एका फाइलसाठी लिहिलेला आदेश थोड्या बदलाने शंभर फाइलींना लावता येतो. तिसरे, हे साधन विनामूल्य आहे आणि साध्या, जुन्या संगणकावरही चालते. चौथे कारण नैतिक आहे. ज्या व्यक्तीने विश्वासाने आपल्यासमोर गायले किंवा घरची सुखदुःखे सांगितली, तिचा आवाज अनोळखी संकेतस्थळाच्या संगणकावर पाठवण्याची संमती तिने दिलेली नसते. कमांड लाइनवरील काम आपल्याच यंत्रावर होते.

या घटकात आपण एफएफएमपेग हे साधन वापरणार आहोत. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये त्याचा आरंभ केला. हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. त्याच्यासोबत एफएफप्रोब हे तपासणीचे साधनही मिळते. अभ्यासकेंद्रातील संगणकावर ते नसल्यास केंद्र-संयोजकांच्या परवानगीने त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे.

४.२.५ आदेश वाचण्याची आणि टंकित करण्याची रीत

या पुस्तिकेत आदेश उच्चारानुसार देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकित करावयाचे आहेत. पुढील सूची जवळ ठेवावी.

- एफएफएमपेग : एफ, एफ, एम, पी, ई, जी
- एफएफप्रोब : एफ, एफ, पी, आर, ओ, बी, ई
- -आय : हायफन, आय (यानंतर मूळ फाइलचे नाव येते)
- -एन : हायफन, एन (त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहू नये)
- -एसी : हायफन, ए, सी (वाहिन्यांची संख्या)
- -बी:ए : हायफन, बी, अपूर्णविरामासारखे दोन टिंबांचे चिन्ह, ए (ध्वनीचा बिटदर)
- -सी:ए कॉपी : हायफन, सी, तेच चिन्ह, ए, मोकळी जागा, सी, ओ, पी, वाय (ध्वनी न बदलता उचलावा)
- -व्हीएन : हायफन, व्ही, एन (चित्र वगळावे)
- -एसएस आणि -टीओ : हायफन, एस, एस; हायफन, टी, ओ (आरंभ व शेवट)
- .एम४ए : बिंदू, एम, ४, ए
- .वेव्ह : बिंदू, डब्ल्यू, ए, व्ही
- .फ्लॅक : बिंदू, एफ, एल, ए, सी
- .एमपी३ : बिंदू, एम, पी, ३
- .एमपी४ : बिंदू, एम, पी, ४

हायफन आणि त्याला लागून येणारे अक्षर यांत मोकळी जागा सोडू नये. दोन स्वतंत्र शब्दांत मात्र एक मोकळी जागा असावी. आदेश पूर्ण झाल्यावर एंटर कळ दाबावी.

विंडोजमध्ये ज्या फोल्डरात मुद्रणे आहेत तो उघडावा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी, एम, डी ही तीन अक्षरे टंकित करून एंटर दाबावे. काळी खिडकी उघडते आणि आदेश त्याच फोल्डराला लागू होतात. फाइलींची नावे लहान, रोमन अक्षरांची आणि मोकळी जागा नसलेली ठेवावीत. उदाहरणार्थ ओवी०१, ओवी०२. नावात मोकळी जागा असल्यास ते नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागते.

४.२.६ रूपांतराची पाच कामे

काम पहिले : तपासणी. रूपांतरापूर्वी आत काय आहे ते पाहावे.

एफएफप्रोब ओवी०१.एम४ए

पडद्यावर अनेक ओळी येतात. त्यांतील 'ऑडिओ' हा शब्द असलेली ओळ शोधावी. तेथे कोडेक, नमुना दर, वाहिन्या आणि बिटदर क्रमाने दिलेले असतात. ही ओळ जशीच्या तशी आपल्या नोंदवहीत उतरवावी. नमुना दर ८,००० दिसला तर सूक्ष्म उच्चारभेदांविषयी निष्कर्ष काढताना संयम बाळगावा लागेल, हे येथेच कळते.

काम दुसरे : अभ्यासप्रत. उच्चारांच्या विश्लेषणासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेले प्राट आणि मुद्रणाशेजारी लिप्यंतर मांडण्यासाठी एलान ही साधने वापरली जातात. या दोन्हींसाठी वेव्ह फाइल सोयीची असते.

एफएफएमपेग -एन -आय ओवी०१.एम४ए ओवी०१.वेव्ह

या आदेशाचा अर्थ मराठीत असा : 'ओवी०१.एम४ए ही फाइल घे, ओवी०१.वेव्ह तयार कर, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिला हात लावू नकोस.' मूळ फाइल जागच्या जागी अबाधित राहते. सांगितले नसल्यास नमुना दर मूळचाच ठेवला जातो. मात्र एफएफएमपेग वेव्ह फाइल स्वतःहून १६ बिटांची करते. आपण २४ बिटांच्या ध्वनिमुद्रकाने मुद्रण केले असेल तर वेव्हऐवजी फ्लॅक हे विस्तारनाम द्यावे. तेथे २४ बिट टिकून राहतात. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना फिती व तबकड्यांवरील जुन्या मुद्रणांच्या अंकीकरणासाठी किमान ४८,००० नमुना दर आणि २४ बिट यांची शिफारस करते, हेही लक्षात ठेवावे.

काम तिसरे : वितरणप्रत. मार्गदर्शकांना पाठवण्यासाठी आणि गाणाऱ्या व्यक्तीच्या घरी परत देण्यासाठी लहान, कोणत्याही मोबाइलवर वाजणारी फाइल हवी.

एफएफएमपेग -एन -आय ओवी०१.वेव्ह -एसी १ -बी:ए ६४के ओवी०१.एमपी३

येथे एक वाहिनी आणि ६४ केबीपीएस बिटदर मागितला आहे. 'के' च्या जागी के हे रोमन अक्षर अंकाला जोडून टंकित करावे. एका तासाची फाइल सुमारे २९ एमबीची होते. दोन मायक्रोफोन वापरून मुलाखतकार एका वाहिनीवर व वक्ता दुसऱ्या वाहिनीवर मुद्रित केला असेल, तर वाहिन्या एकत्र करण्याचे हे काम केवळ वितरणप्रतीतच करावे. एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

काम चौथे : चित्रफितीतून ध्वनी आणि निवडक तुकडा. भजनी मंडळाची चित्रफीत असेल आणि केवळ ध्वनी हवा असेल, तर तो पुन्हा लिहिण्याची गरज नसते. आतील ध्वनी एएसी कोडेकचा असल्याची खात्री तपासणीच्या आदेशाने करून घ्यावी आणि लिहावे :

एफएफएमपेग -एन -आय भजन०१.एमपी४ -व्हीएन -सी:ए कॉपी भजन०१.एम४ए

येथे रुमाल बदलला. आतील कागद तोच राहिला. म्हणून काहीही हानी होत नाही आणि काम काही क्षणांत आटोपते.

लांब मुद्रणातील एक ओवी प्रबंधासाठी वेगळी काढायची असेल तर :

एफएफएमपेग -एन -आय ओवी०१.वेव्ह -एसएस ००:०२:१० -टीओ ००:०२:४० ओवी०१क.वेव्ह

दोन मिनिटे दहा सेकंदांपासून दोन मिनिटे चाळीस सेकंदांपर्यंतचा तीस सेकंदांचा तुकडा मिळतो. नावाअखेरचा 'क' रोमन के या अक्षराने लिहावा. अवतरण देताना आपण जसा पृष्ठक्रमांक देतो, तसा येथे हा काळ नोंदवावा.

काम पाचवे : अनेक फाइली. फोल्डरातील सर्व एम४ए फाइलींच्या वेव्ह प्रती एकाच आदेशाने करता येतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत असे लिहावे :

फॉर %एफ इन (*.एम४ए) डू एफएफएमपेग -एन -आय "%एफ" "%~एनएफ.वेव्ह"

'फॉर' म्हणजे एफ, ओ, आर. 'इन' म्हणजे आय, एन. 'डू' म्हणजे डी, ओ. तारका म्हणजे 'कोणतेही नाव'. '%एफ' येथे टक्क्याच्या चिन्हाला लागून एफ हे अक्षर येते. त्याच्या जागी संगणक एकेका फाइलचे नाव आपोआप ठेवतो. '%~एनएफ' येथे टक्का, नागमोडी रेघ, एन आणि एफ ही चिन्हे लागोपाठ येतात. त्यांचा अर्थ 'त्याच फाइलचे विस्तारनामाविना नाव'. आधी दोन-तीन फाइलींच्या वेगळ्या फोल्डरात हा आदेश चालवून पाहावा, मगच संपूर्ण संग्रहाला लावावा.

आदेश फसल्यास घाबरून जाऊ नये. अशी फाइल नाही, असा इंग्रजी संदेश आला तर नावाचे स्पेलिंग, मोकळी जागा आणि विस्तारनाम तपासावे. विंडोज अनेकदा विस्तारनाम लपवून ठेवते. चुकीच्या आदेशाने मूळ फाइल बिघडू नये यासाठीच आपण '-एन' लिहितो. '-वाय' हे चिन्ह काही ठिकाणी सुचवलेले आढळेल. त्याचा अर्थ 'न विचारता जुन्या फाइलवर लिही' असा होतो. संग्रहाच्या फोल्डरात ते वापरू नये.

४.२.७ मूळ प्रत जपणे

वरील सर्व कामांचा गाभा एका नियमात सांगता येतो : प्रत्येक नवी प्रत शक्य तितक्या मूळच्या प्रतीपासून तयार करावी, आणि मूळ प्रत कधीही बदलू नये. यासाठी तीन फोल्डर करावेत.

'मूळ' या फोल्डरात मोबाइलमधून आलेली फाइल जशी आहे तशीच ठेवावी, मग ती एम४ए असो की एएमआर. ती हानियुक्त आहे म्हणून टाकून देऊ नये. आपल्यापुरती तीच मूळ संहिता आहे. 'अभ्यास' या फोल्डरात वेव्ह किंवा फ्लॅक प्रती असाव्यात. आवाज वाढवणे किंवा पार्श्वभूमीची घरघर कमी करणे असे सर्व संस्कार येथील प्रतींवर करावेत. जात्याची घरघर आज आपणांस अडथळा वाटेल. उद्याच्या अभ्यासकाला ओवीची लय समजण्यासाठी तीच हवी असेल. 'वितरण' या फोल्डरात एमपी३ प्रती असाव्यात.

फाइल मोबाइलमधून संगणकावर शक्यतो केबलने घ्यावी. व्हॉट्सॲपनेच पाठवावयाची असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. एका मोबाइलवर वाजवून दुसऱ्यावर मुद्रित करणे हा तर नकलेच्या नकलेचा सर्वांत वाईट प्रकार होय.

मूळ फाइल बदललेली नाही याची खात्री कशी पटवावी? विंडोजमध्ये पुढील आदेश द्यावा :

सर्टयुटिल -हॅशफाइल ओवी०१.एम४ए एसएचए२५६

'सर्टयुटिल' हे सी, ई, आर, टी, यू, टी, आय, एल असे, 'हॅशफाइल' हे एच, ए, एस, एच, एफ, आय, एल, ई असे आणि शेवटचा शब्द एस, एच, ए, २, ५, ६ असा लिहावा. उत्तरादाखल ६४ अक्षरांची एक मालिका मिळते. फाइलमध्ये एका बिटाचाही बदल झाला तर ही मालिका वेगळी येते. मुद्रणाच्या दिवशी ती नोंदवहीत उतरवून ठेवावी. वर्षभराने पेनड्राइव्हवरील प्रतीसाठी तोच आदेश देऊन दोन्ही मालिका ताडून पाहाव्यात. मूळ फोल्डराच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

प्रत्येक मुद्रणासोबत गायकाचे नाव किंवा त्याने मान्य केलेले टोपणनाव, गाव, दिनांक, मुद्रणाचे साधन, संमतीचे स्वरूप, तपासणीची ओळ आणि दिलेले आदेश यांची नोंद करावी. नोंद नसलेली फाइल म्हणजे कोणाचा, कुठला, कधीचा हे न सांगता येणारा आवाज.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे द्या.
अ) '-एन' या चिन्हामुळे काय टळते?
आ) '-सी:ए कॉपी' वापरल्याने हानी का होत नाही?
इ) घरघर कमी करण्याचा संस्कार कोणत्या फोल्डरातील प्रतीवर करावा?

४.३ सारांश

ध्वनिफाइलचे वेष्टन आणि तिच्यातील लेखनपद्धती या भिन्न गोष्टी आहेत. नाव बदलल्याने रूपांतर होत नाही. हानिरहित संपीडनात सर्व अंक परत मिळतात. हानियुक्त संपीडनात वगळलेला भाग कायमचा जातो. 'स' आणि 'श', तसेच दंत्य आणि तालव्य 'च', 'ज' यांचे भेद ज्या उच्च कंपनसंख्यांवर अवलंबून असतात, त्यांनाच कमी नमुना दर आणि कमी बिटदर यांचा प्रथम फटका बसतो. एफएफएमपेगच्या आदेशांनी तपासणी, अभ्यासप्रत, वितरणप्रत, तुकडा काढणे आणि सामूहिक रूपांतर ही कामे करता येतात, आणि दिलेला आदेश संशोधनाची नोंद म्हणूनही उपयोगी पडतो. रूपांतराचे कौशल्य हाती आल्यावर मूळ प्रतीची गरज कमी होत नाही. उलट प्रत्येक रूपांतर तिच्याच आधारावर उभे असते.

४.४ पारिभाषिक शब्द

कोडेक : ध्वनी अंकांत लिहिण्याची व उलगडण्याची पद्धती.
नमुना दर : एका सेकंदात ध्वनिलहरीची किती वेळा मोजणी होते ती संख्या.
बिटदर : एका सेकंदाच्या ध्वनीसाठी वापरलेल्या बिटांची संख्या.
संपीडन : फाइलचा आकार कमी करण्याची क्रिया.
विस्तारनाम : फाइलच्या नावात बिंदूनंतर येणारी अक्षरे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) अयोग्य. आ) योग्य. इ) अयोग्य.
प्रश्न २ : अ) आधीच्या फाइलवर नवी फाइल लिहिली जाणे टळते. आ) ध्वनी पुन्हा न लिहिता केवळ त्याचे वेष्टन बदलले जाते म्हणून. इ) 'अभ्यास' फोल्डरातील प्रतीवर.

४.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. 'ध्वनिमुद्रणाचे रूपांतर ही केवळ तांत्रिक बाब नाही,' या विधानाची पाठचिकित्सेच्या संदर्भात चर्चा करा.
२. आपल्या घरातील किंवा गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीची संमती घेऊन तिच्याकडून पाच ओव्या अथवा एक कथा मुद्रित करा. तपासणीची ओळ नोंदवा, तिन्ही प्रती तयार करा आणि सर्व आदेश क्रमाने लिहून परिशिष्ट म्हणून जोडा.
३. त्याच मुद्रणाच्या वेव्ह फाइलपासून ६४ केबीपीएस आणि १६ केबीपीएस अशा दोन एमपी३ फाइली करा. 'स', 'श', 'च', 'ज' असलेले दहा शब्द निवडून दोन्हींत ते लक्षपूर्वक ऐका आणि जाणवलेला फरक दहा ओळींत लिहा.
४. वितरणप्रत गाणाऱ्या व्यक्तीला नेऊन द्या. ऐकताना तिने एखादा शब्द दुरुस्त केला किंवा नवी ओवी आठवून सांगितली, तर ती स्वतंत्र मुद्रण म्हणून नोंदवा; पहिल्या मुद्रणात बदल करू नका.